पार्ट-टाइमच्या भरवशावर वावर विकू नका राजेहो

एक गोष्ट स्पष्टच सांगतो, राग आला तरी चालेल. पोट्ट्याले बाहेर शिकायला पाठवायचा हिशोब करता ना, त्यात पार्ट-टाइमची कमाई शून्य धरा. शून्य म्हणजे शून्य. तरी जमत असेल तर बिनधास्त पाठवा, मी स्वतः फॉर्म भरून देतो.

माझं सेतू केंद्र आहे, त्यामुळं कोणाचा पोरगा कुठं चालला हे मला गावाच्या आधी समजतं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, सातबारा, सगळं इथूनच जातं. एज्युकेशन लोनसाठी बँका शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत, एनए प्लॉट नाहीतर शहरातलं घर मागतात, मग लोक सरळ दोन एकर विकायलाच काढून राहिले. मागं एका काकांनी एजंटनं दिलेला कागद दाखवला, यूकेच्या मास्टर्सचा. वर फी, खाली रूमभाडं आणि सगळ्यात खाली लाल पेनानं गोल करून "पार्ट-टाइम महिना 2 लाख". काका म्हणे, "दीड वर्षात पोट्टा दुसरं वावर घेते!"

मी कॅल्क्युलेटर काढला. तिकडं डिग्रीच्या विद्यार्थ्याला टर्म चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. एप्रिल 2025 चा किमान दर तासाला 12.21 पाउंड होता, तोच धरू. 20 तास पुरेपूर भरले तर महिन्याचे साधारण 1,058 पाउंड होतात. आणि व्हिसा देताना तिथलंच सरकार लंडनच्या बाहेर राहायचा खर्च महिन्याला 1,171 पाउंड धरतं. म्हणजे राहणं-खाणंच निघत नाही बाप्पा, फीचं तर सोडाच! पाउंड 115 रुपयांचा धरला आणि 2 लाख कमवायचे म्हटले तर आठवड्याला 33 तास लागतात. म्हणजे तो लाल गोल व्हिसाचा नियम मोडूनच पूर्ण होतो, हे एजंट सांगत नाही.

यावर पोरं म्हणतात, "दादा, सगळेच करतात, कॅशमध्ये चालते." चालते म्हणे! कॅशमध्ये मालक किमान दरापेक्षा कमी देतो, पेस्लिप देत नाही आणि दोन महिन्याचे पैसे दाबले तर तू कोणाकडं जाशील? तक्रार केली की आधी तूच सापडतो. दुसऱ्याच्या नावाचं डिलिव्हरी अ‍ॅपचं अकाउंट भाड्यानं घेऊन फिरायचं, हाही एक धंदा आहे, आणि यूकेत स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा चालतच नाही, त्यामुळं तसली डिलिव्हरी स्वतःच्या नावानं केली तरी नियम मोडतोच. 20 तासाचा आठवडाही ते सोमवार ते रविवार मोजतात, मागच्या आठवड्यात 10 केले म्हणून या आठवड्यात 30 असं नाही. आणि मास्टर्सवाल्यांनो, उन्हाळा म्हणजे सुट्टी समजू नका, डिसर्टेशन (शेवटचा मोठा प्रबंध) चालू असतं तोवर टर्मच धरतात.

प्रत्येक देशाचं गणित वेगळं आहे. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला 48 तास, कॅनडात नोव्हेंबर 2024 पासून कॅम्पसबाहेर आठवड्याला 24, जर्मनीत वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस. अमेरिकेत तर पहिल्या वर्षी कॅम्पसच्या बाहेर कामच नाही, मामाच्या ओळखीचा मोटेल असो की पेट्रोल पंप.

मग तयारी काय करायची? पोरगा जॅकेट न बॅगा घेऊन राहिला अन आई लोणचं पॅक करून राहिली, ते होऊन जातं हो. इथं असतानाच एक पानाचा धड सीव्ही बनवा, फोनवर इंग्लिशमध्ये दोन मिनिटं न अडखळता बोलायची सवय करा, जर्मनीले जात असाल तर जर्मन शिका, कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी दुकानातलं गिऱ्हाईक जर्मनच बोलणार. तिथं पोहोचल्यावर नोकरी-टॅक्ससाठी लागणारा सरकारी नंबर काढा: यूकेत नॅशनल इन्शुरन्स नंबर, कॅनडात सिन, ऑस्ट्रेलियात टीएफएन. पगार स्वतःच्याच खात्यात घ्या, मित्राच्या नाही. पेस्लिप एकूण एक जपा, आणि तासांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा, मालकाच्या नाही.

अन हो, अनुसूचित जातीच्या पोरांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी 75 जागा, फी अन राहण्याचा भत्ता मिळतो. आपल्या भागात हुशार पोरं असून जाहिरात निघून जाते तरी कोणाले पत्ता नसतो, आणि तेच घर सावकाराच्या दारात उभं राहतं. याचा मला जास्त राग येतो.

बापानं पण हे तासांचे आकडे पोराच्या तोंडून ऐकून घ्या. नाहीतर तिकडं पोरगा 20 तासात कसंबसं भागवून राहिला अन इकडं घरचे फोनवर "पैसे कधी पाठवतं?" करून राहिले, मग तो कॅशच्या कामाकडंच वळतो. घरचा तगादा कमी झाला तर अर्धी पोरं सरळ राहतील असं माझं मत आहे, पटत नसेल तर खाली भांडा.

कोणाची ऑफर लेटर आली असतील तर एजंटच्या कागदासकट घेऊन या, संध्याकाळी सहानंतर गर्दी नसते. फक्त खरेदीखतावर सही करायच्या आधी या.