दोन कंपन्यांचे वैमानिक एकमेकांचे वैरी? त्या मेसेजला माझे उत्तर

गेले दोन आठवडे एक मेसेज फिरतोय. आमच्या होटगी रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेला. शाळासोबत्यांच्या ग्रुपवर तर ‘विमानात काम करणाऱ्या खास माणसाकडून’ असे डोक्यावर लिहून आला. मजकूर थोडक्यात असा: सोलापुरातून आता दोन कंपन्यांची विमाने उडतात, तेव्हा सावध राहा. वेगवेगळ्या कंपन्यांचे वैमानिक एकमेकांचे वैरी असतात. पुढे वादळ लागले तरी मागच्या विमानाला सांगत नाहीत. आधी उतरायला शर्यत लावतात. टॉवरवाले ओळखीच्या कंपनीला आधी सोडतात. विमानतळावर एकमेकांशी बोलायलाही बंदी असते. आणि दुसऱ्याचे विमान संकटात सापडले तर ‘त्यांचे ते बघतील’ म्हणून निघून जातात. शेवटची ओळ: तिकीट काढण्याआधी विचार करा.

आमच्या शेजारच्या काकूंनी खरेच विचार केला. लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला जायचे होते. गुडघ्यांमुळे रेल्वेची रात्र सोसत नाही, म्हणून घरच्यांनी विमानाचे ठरवले होते. मेसेज वाचल्यावर त्या म्हणाल्या, “नको रे बाबा, पुण्याच्या रस्त्यावर ट्रॅव्हल्सवाले शर्यत लावतात ती निदान जमिनीवर असते.” म्हणून हे लिहायला बसलो.

मी वैमानिक नाही. विजापूर रोडला माझे इलेक्ट्रिकल सामानाचे दुकान आहे. पण बहिणीची मुलगी एटीआर या पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानावर को-पायलट आहे, कंपनीचे नाव इथे लिहीत नाही. पाच वर्षे तिच्याकडून ऐकतोय आणि त्या ओढीने हाताला लागेल ते वाचतोय.

सोलापूरकरांना विमान किती वाट बघून मिळाले ते मी सांगायला नको. विमानांच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, त्यावरून गावात किती कडवटपणा झाला ते आपण सगळ्यांनी पाहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. जून २०२५ मध्ये ‘फ्लाय ९१’चे गोव्याचे विमान सुरू झाले आणि ऑक्टोबरात ‘स्टार एअर’चे मुंबईचे. इतक्या वर्षांनी मिळालेल्या गोष्टीबद्दल कुणीतरी घरबसल्या भीती पसरवतो आणि आपण ती पुढे ढकलतो, याचा मला राग आहे.

आता एकेक मुद्दा घेतो.

वादळाची माहिती लपवतात म्हणे. लपवणार कशी? आकाशाच्या एका भागात असलेली सगळी विमाने एकाच रेडिओ फ्रिक्वेन्सीवर असतात, मग कंपनी कुठलीही असो. एक वैमानिक कंट्रोलरशी, म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट दाखवणाऱ्या माणसाशी, बोलतो ते बाकी सगळ्यांच्या कानात पडते. दोघांनी एकदम बटण दाबले तर नुसती किंचाळी ऐकू येते आणि कुणालाच काही कळत नाही. तेव्हा तिसराच वैमानिक, ज्याचा त्या बोलण्याशी काही संबंध नाही, ‘ब्लॉक्ड’ एवढे म्हणतो, म्हणजे दोघांनाही कळते की आपले बोलणे पोचलेले नाही. तो तिसरा बहुतेक वेळा भलत्याच कंपनीचा असतो.

भाची सांगते, सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस परतताना, दुपारनंतर आपल्या भागात जे ढग उभे राहतात ते सगळ्यात वाईट. एटीआरला पंचवीस हजार फुटांच्या वर जाता येत नाही आणि हे ढग चाळीस हजारांच्याही वर जातात. जेट विमानाला निदान वरून बघता तरी येते, एटीआरला बाजूने वाट काढावी लागते. अशा एका संध्याकाळी यांच्या रडारवर समोर सगळे लालच लाल दिसत होते. डावीकडून जावे की उजवीकडून, हे कॅप्टन आणि ती बोलत असतानाच वरून जाणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या जेटचा आवाज आला. त्याने कंट्रोलरमार्फत यांना कळवले की तुमच्या डावीकडे वीस मैलांवर मोकळे दिसतेय, उजवीकडे जाऊ नका, तिकडे ढग अजून वाढतोय. यांनी डावीकडे वळायची परवानगी मागितली. विमानात साठ-सत्तर माणसे होती. त्यांना बेल्ट बांधायची सूचना मिळाली आणि चार-दोन हिसके बसले, एवढेच.

मी विचारले, “तो दुसऱ्या कंपनीचा ना? त्याला काय पडलेली?”

ती म्हणाली, “मामा, उद्या तो खाली असेल आणि मी वर.”

आणि हा केवळ चांगुलपणाचा भाग नाही. जोराचे हिसके, बर्फ, ज्वालामुखीची राख, असे काही आढळले तर ते तत्काळ कळवायचे, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. उतरताना जमिनीजवळ वाऱ्याचा वेग अचानक बदलला, धावपट्टीवर पाणी साचून ब्रेक नीट लागले नाहीत, पट्टीजवळ कुत्रे किंवा पक्ष्यांचा थवा दिसला, तर उतरलेला वैमानिक आधी टॉवरला सांगतो आणि टॉवर पुढच्या प्रत्येकाला. नियम पाळला जातोय की नाही हे बघायला प्रत्येक विमानात पोलीस बसत नाही, तरी रोज शेकडो वेळा हे घडते.

आधी उतरायची शर्यत. हा मुद्दा लिहिणाऱ्याने विमान आणि ट्रॅव्हल्स एकच समजून लिहिलाय. रस्त्यावर ड्रायव्हर मनात येईल तेव्हा ओव्हरटेक करतो. विमानाला उंची, दिशा आणि वेग यांतले काहीही बदलायचे तर कंट्रोलरला विचारावे लागते. तो म्हणतो वेग कमी करा, तर कमी करायचा. गोव्याचे एटीआर तासाला साधारण पाचशे किलोमीटरने जाते आणि मुंबईचे एम्ब्राएर जेट त्याच्या दीडपटीहून जास्त वेगाने. यांच्यात शर्यत लागणार कशी? दोन्ही एकाच वेळी आलीच तर कोण पुढे आणि कोण मागे, मध्ये किती अंतर, हे खालून ठरते.

टॉवरच्या ओळखीबद्दल फार लिहीत नाही. जो आधी आला तो आधी, हा सर्वसाधारण नियम. तो मोडतो तो आणीबाणीतल्या विमानासाठी, रुग्ण नेणाऱ्या विमानासाठी आणि अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी. कधी वेगवान विमानाला पुढे काढले जाते, तेव्हा मागे राहिलेला कुरकुरतो. भाचीही कुरकुरते. पण ती कुरकूर रांगेबद्दल असते आणि रांग सगळ्यांना ऐकू येत असते. कंट्रोलर भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा नोकर आहे, कुठल्या कंपनीचा नाही.

बोलायला बंदी हा मुद्दा वाचून भाची फोनवर हसली नाही, चिडली. तिने एक गोष्ट सांगितली. उड्डाणाआधी दोघांपैकी एक वैमानिक विमानाभोवती पायी फिरून चाके, पंख, पंखे, सगळे डोळ्यांनी तपासतो. पहाटेच्या अंधारात ती ही फेरी मारत होती आणि डाव्या चाकापाशी टॉर्चने दम सोडला. मोबाइलच्या उजेडात चाकाच्या आतली ब्रेकची पिन नीट दिसत नाही. शेजारच्या जागेवर दुसऱ्या कंपनीचे विमान उभे होते, त्यांचा को-पायलटही तसाच फिरत होता. त्याने लांबून पाहिले, आला आणि आपला टॉर्च देऊन गेला. टॉर्चला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि तिच्यावर पेनाने त्याच्या कंपनीची अक्षरे. तिने फेरी पुरी केली, पण परत द्यायला गेली तोवर त्यांच्या विमानाला ट्रॅक्टर लागून ते मागे ढकलले जात होते. चार दिवसांनी दुसऱ्याच शहरात त्यांच्या काउंटरवर तो टॉर्च दिला, सोबत नवे सेल. त्या मुलाचे नाव तिला आजही माहीत नाही.

दुसरे असे की आजचा ‘वैरी’ कालचा शेजारी असतो. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. त्यांचे वैमानिक गेले कुठे? उरलेल्या कंपन्यांत, आणि काही परदेशांत. एकाच तुकडीत शिकलेले, एकाच कॉकपिटमध्ये रात्री जागवलेले लोक आज चार वेगळ्या गणवेशांत आहेत. रेडिओवर ओळखीचा आवाज आला की वेळ मोकळा असेल तर दोन शब्द होतात, नसेल तर नुसते ‘गुड डे’.

स्पर्धा नाहीच, असे मी म्हणत नाही. ती आहे आणि कडक आहे. कुणाची विमाने वेळेवर सुटली याचे आकडे डीजीसीए, म्हणजे सरकारचे विमान वाहतूक नियामक खाते, दर महिन्याला जाहीर करते आणि कंपन्या त्यांवरून जाहिराती करतात. वैमानिक पळवायची स्पर्धा तर इतकी की कॅप्टनला नोकरी सोडताना एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. २०२३ मध्ये नोटीस न देता गेलेल्या आपल्या वैमानिकांविरुद्ध आकासा एअर मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. म्हणजे भांडण आहे ते कंपनी आणि कंपनीत, कंपनी आणि वैमानिकात.

वैमानिकांनीच वैमानिकांशी भांडण मांडल्याचे मला आठवणारे सगळ्यात मोठे उदाहरण तर एकाच कंपनीतले आहे. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या. नवी ड्रीमलायनर विमाने येणार होती तेव्हा त्यांचे प्रशिक्षण कुणाला द्यायचे यावरून जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांची संघटना २०१२ च्या मे महिन्यात संपावर गेली, कारण जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही ते मिळणार होते. हा संप जवळजवळ दोन महिने चालला. बढतीचा आणि पगाराचा प्रश्न होता, भांडण खरेच कडवे होते. पण ते झाले कार्यालयात, रस्त्यावर आणि न्यायालयात. हवेत त्याचे काही गेले नाही. मेसेज लिहिणाऱ्याला हा फरक माहीत नाही, किंवा माहीत असून त्याने लपवला.

आता शेवटचा आणि सगळ्यात घातक मुद्दा, की संकटात दुसऱ्याला सोडून जातात.

७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर एअर कॅनडाचे एक विमान उतरायला आले. धावपट्टी समजून ते शेजारच्या टॅक्सीवेच्या, म्हणजे विमाने धावपट्टीपर्यंत ज्यावरून जातात त्या रस्त्याच्या, दिशेने खाली येत होते, आणि त्या टॅक्सीवेवर उड्डाणाची वाट बघत चार भरलेली विमाने रांगेत उभी होती. पहिले युनायटेडचे होते. त्याच्या कॅप्टनने रेडिओवर विचारले, हा चाललाय कुठे, हा तर टॅक्सीवेवर आहे. दुसरे विमान फिलिपीन एअरलाइन्सचे. त्यांनी आपले लँडिंग लाइट लावले, जेणेकरून वरच्याला खाली काय आहे ते दिसावे. एअर कॅनडाच्या वैमानिकांनाही त्याच सुमारास काहीतरी चुकतेय हे उमगले आणि त्यांनी विमान वर उचलले. ते जमिनीपासून साठ फुटांच्या आसपास येऊन वर गेले. पाच विमानांत मिळून हजारभर माणसे होती. एक विमान अमेरिकेचे, एक फिलिपिन्सचे आणि वरचे कॅनडाचे. कुणी कुणाची कंपनी विचारली नाही.

आपल्याकडचे उदाहरण दुःखाचे आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे विमान हवेत एकमेकांवर आदळले. ३४९ माणसे गेली, एकही वाचला नाही. त्यानंतर भारताने टक्कर टाळणारे यंत्र विमानांत बंधनकारक केले. हे यंत्र काय करते ते मेसेज फिरवणाऱ्यांनी एकदा समजून घ्यावे. दोन विमाने धोकादायक जवळ आली की दोन्ही यंत्रे आपापसांत बोलतात आणि ठरवतात: एकाला आज्ञा होते वर जा, दुसऱ्याला खाली जा. दोन्ही वैमानिकांनी आपापली आज्ञा काही सेकंदांत पाळायची असते, अगदी कंट्रोलर वेगळे सांगत असला तरी. समोरचा वैमानिक, ज्याचे तोंड आपण कधी पाहिलेले नाही, तो त्याच्या वाट्याचे नक्की करणार हे धरूनच आपण आपल्या वाट्याचे करायचे. वैर धरून हे यंत्र चालणारच नाही.

याशिवाय १२१.५ ही संकटाची फ्रिक्वेन्सी. लांबच्या उड्डाणांत वैमानिक दुसऱ्या रेडिओवर ती लावून ठेवतात. एखादे विमान कंट्रोलरला उत्तर देईनासे झाले की कंट्रोलर जवळच्या कुठल्याही विमानाला सांगतो, जरा त्याला त्यावर हाक मारा. मग इंडिगोचा वैमानिक एअर इंडियाच्या विमानाला हाका मारतो किंवा उलट. उंची कमी आणि अंतर जास्त असले की एटीआरचा आवाज कंट्रोलपर्यंत पोचत नाही, तेव्हा वरचे विमान निरोप इकडून तिकडे पोचवते. कुणी तीनदा ‘मेडे’ (म्हणजे आमचे विमान संकटात आहे) म्हटले की बाकीचे सगळे गप्प होतात, म्हणजे त्याच्यासाठी रेडिओ मोकळा राहतो. भाचीने ती शांतता एकदाच ऐकली आहे. दहा-बारा विमाने त्या फ्रिक्वेन्सीवर होती, काहींना उतरायचे होते, काहींचे इंधन मोजून होते, आणि चार मिनिटे एकानेही बटण दाबले नाही. ते विमान सुखरूप उतरल्यावर कंट्रोलरने सगळ्यांचे आभार मानले आणि मग एकेकाचा आवाज परत यायला लागला. हे सांगताना तिचा आवाज बदलला होता.

मी हे सगळे काकूंना आधी तोंडी सांगितले, त्यांच्या ओट्यावर बसून. टॉर्चची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली. नवे सेल घालून परत दिला हे त्यांना फार आवडले. काल संध्याकाळी त्यांचा मुलगा तिकीट काढत होता तेव्हा त्या आतून ओरडल्या, “खिडकीची जागा बघ रे.”