‘लॅबमध्ये बसून पेशंट दिसत नाही’: नेरूळच्या डॉक्टरांना उत्तर

नमस्कार डॉक्टर,

धनुर्वातावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘धनुर्वातात पाठीचं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) नॉर्मल येतं’ हे माझं वाक्य तुम्हाला ढोबळ वाटलं. एलपी, म्हणजे पाठीत सुई घालून ते पाणी काढणं, करताना प्रेशर वाढलेलं सापडतं, काहींत प्रोटीनही वाढलेलं असतं, ते मी लिहिलं नाही. संदर्भ दिले नाहीत. धनुर्वाताची टीटी लस जाऊन टीडी (धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींची) आली, त्याचा मला पत्ता नाही. आणि शेवटी: ‘काका, लॅबमध्ये बसून पेशंट दिसत नाही, जरा अपडेट व्हा.’

टीडीचं मान्य. सरकारी लसीकरणात 2019 सालीच बदल झाला. पण इकडे नौपाड्यात खिळा लागलेला माणूस अजूनही ‘टीटी मारून येतो’ असंच म्हणून घराबाहेर पडतो, त्याला मी काय करू? लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ते शेवटचं वाक्य. मी टेक्निशियन होतो, डॉक्टर नव्हतो, हे ब्लॉगच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. तुम्ही शोधून काढलेलं नाही. पाठीच्या पाण्यातल्या पेशी तासाभरात फुटायला लागतात, म्हणून रात्रपाळीला वॉर्डबॉयची वाट न बघता ट्यूब आणायला मी स्वतः जात असे. धनुर्वाताची खोली वॉर्डाच्या टोकाला, खिडक्यांना काळे पडदे. सिस्टरसुद्धा कुजबुजत बोलायच्या. एकदा बाहेर कुणाच्या तरी हातून किडनी ट्रे पडला. एवढ्या आवाजाने आतला पोरगा डोकं आणि टाचा टेकवून कमानीसारखा उचलला गेला, दातखीळ बसलेली, आणि डोळे टक्क उघडे. शुद्ध पूर्ण असते या आजारात. सगळं कळत असतं. मुरबाड-शहापूरकडून यायचे हे पेशंट. लावणीत अनवाणी पायात काटा गेलेले, कान वाहणारी पोरं, घरी बाळंत झालेल्या बायका. मला पेशंट दिसला नाही म्हणता?

मॅनोमीटर, म्हणजे त्या पाण्याचं प्रेशर मोजायची काचेची नळी, तीसुद्धा पाहिलीय, डॉक्टर. ज्याचं अंग लाकडासारखं ताठ झालंय, पोटाचे स्नायू आवळलेत, श्वास कोंडलाय, त्याच्या पाठीत सुई घातली की काचेच्या नळीतलं पाणी वर चढणारच. निरोगी माणसालाही कुंथायला लावा, चढतं. ते प्रेशर स्नायूंचं आहे. माझं वाक्य पाण्याबद्दल होतं, पाण्यात काय सापडतं त्याबद्दल. शिवाय सुईच्या त्या टोचण्यानेच झटका येऊ शकतो, म्हणून निदान उघड असेल तिथे एलपी टाळतात, हेही लेखात होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत की नाही, शंका आहे.

ट्यूब हातात आली की आम्ही आधी ती वर्तमानपत्रावर धरायचो. मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाला सूज) गढूळ पाण्यातून छापील अक्षरं पुसट दिसतात, धनुर्वाताच्या पाण्यातून बारीक टाइपही साफ वाचता येतो. मग काउंटिंग चेंबर, म्हणजे पेशी मोजायची चौकटी आखलेली काच. चौकटीमागून चौकट रिकामी, फार तर एखादी चुकार लिम्फोसाइट, म्हणजे एक पांढरी पेशी. साखर रक्तातल्या साखरेच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, जशी असायला हवी तशी. आणि हे असं का, ते लेखाचं अख्खं मधलं पान आहे: जंतू जखमेतच राहतात. त्यांचं विष चेतातंतूंतून उलटा प्रवास करत मज्जारज्जूत पोचतं आणि स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशींचं ग्लायसीन आणि गॅबा, म्हणजे स्नायूंना थांबवणारी रसायनं, बाहेर पडणं बंद पाडतं. ब्रेक निकामी होतो, पण आवरणाला सूज नाही, पू नाही, तर पांढऱ्या पेशी येतील कशाला? मान ताठ, ताप, आणि पाणी स्वच्छ, असा रिपोर्ट वर गेला की रेसिडेंट डॉक्टरच्या संशयाच्या यादीत मेनिंजायटिस खाली सरकायचा. हा काय किरकोळ निष्कर्ष आहे?

प्रोटीनचं म्हणाल तर त्यावर एवढा शाईखर्च करायची गरज नाही. वय झालेल्यांत, मधुमेह असलेल्यांत ते तसंही थोडं जास्त येतं, आणि सुई लागून ट्यूबमध्ये रक्त उतरलं की वाढतंच. झटके देणाऱ्या पेशंटची एलपी किती वेळा रक्ताशिवाय होते, हे तुम्ही वॉर्डात असता म्हणता, तुम्हालाच विचारतो.

संदर्भ हवा होता ना? घ्या. 1995 साली आपटे आणि कर्णाड या डॉक्टरांनी मुंबईतल्या 400 रुग्णांवरची स्पॅच्युला चाचणी प्रसिद्ध केली. घशाच्या मागच्या भिंतीला स्पॅच्युला लावला की कुणालाही उमासा येतो, धनुर्वाताचा रुग्ण मात्र तो दातांत करकचून धरतो. 94 टक्के धनुर्वात-रुग्णांत ती पॉझिटिव्ह आली आणि ज्यांना धनुर्वात नव्हता त्यांच्यापैकी एकातही नाही. लाकडाची एक पट्टी, पाठीत सुई नाही, लॅब नाही. माझ्यासारख्या लॅबवाल्याने हे लिहावं, तर तुम्ही म्हणता मी माझ्या टेबलाची टिमकी वाजवतो.

बाकीचे मुद्दे इथे घेत नाही. लेख चाळून प्रतिक्रिया लिहिणाऱ्याला ओळ-ओळ समजावत बसायचं वय राहिलं नाही. ‘काका’ म्हणालात त्याचा राग नाही, आमच्या सोसायटीतली सगळी पोरं म्हणतात, पण ती पुढे ‘अपडेट व्हा’ म्हणत नाहीत. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. प्रोटीनचे आकडे हाताशी असतील तर पेशंटचं वय, रक्तातली साखर आणि पाण्यातल्या लाल पेशींचा काउंट यांच्यासकट खाली टाका. नुसता प्रोटीनचा आकडा टाकलात तर उत्तर मिळणार नाही.