चुंबक घरात ठेवू नका

चतुर्थी जवळ आली की गोव्यातल्या घराघरांतलं भंगार आपोआप अंगणात उतरतं. अशा वेळी धातू वेगळे करण्याच्या भानगडीत पडू नका. लोखंडी सळ्या, विहिरीवरचा जळका पंप, न्हाणीतला नळ, एसीची नळी, सगळं एका गोणपाटात कोंबा आणि दारातल्या भंगारवाल्याला विचारा, "सगळं मिळून काय देशील?" सगळं मिळून लोखंडाचाच भाव मिळतो. पण हिशेब किती सोपा! म्हापशाच्या बाजारात बांगड्यांच्या वाट्यावर वीस रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालणारी तुमची जीभ इथे आवरा. ती मासळी, हे भंगार.

बिघडलेल्या स्पीकरच्या मागे चांगलं ताकदवान चुंबक असतं. ते काढून ठेवू नका. एकदा का ते पितळेला, तांब्याला, अॅल्युमिनियमला चिकटत नाही हे कळलं की झोप उडते. स्टेनलेस स्टीलने तर डोकंच फिरेल. निकेल असलेल्या 304 प्रतीच्या स्टीलला ते सहसा चिकटत नाही, स्वस्त 430ला मात्र चिकटतं. त्यापेक्षा चमकतं ते स्टील आणि गंजतं ते लोखंड, हे शास्त्र पुरे. या शास्त्रानुसार चमकणारा जुना नळही स्टीलचाच. त्यावर कानस फिरवू नका. क्रोमच्या मुलाम्याखालचं पिवळं पितळ दिसेल आणि उगाच वाद होईल.

खिडक्यांच्या अॅल्युमिनियमच्या चौकटी स्क्रू, रबर, काच यांच्यासकट द्या. वजन वाढतं ना! भंगारवाला त्यापोटी किती 'कट', म्हणजे वजावट, धरतो, ते पाहू नका. लोखंडाच्या जवळजवळ एक तृतीयांश वजनाचा धातू तो. हाताला हलका, म्हणजे मालही हलकाच असणार.

तांब्याच्या वायरी सोलत कोण बसणार? संध्याकाळी परसात पेटवा. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतं, डायॉक्सिनही असू शकतं, असं शिकलेले लोक म्हणतात. शेजारची म्हातारी खोकली तर पावसाळी हवेचा दोष. जळक्या तांब्याला लख्ख तांब्याचा भाव मिळत नाही, ही व्यापाऱ्याची किरकिर. (भंगारअड्ड्याला आग लागली की मात्र सरकारला जाब विचारायचा हक्क तुम्ही राखून ठेवा.)

आजीचं पाणी तापवायचं भाण तर आधी काढा. चुलीच्या काजळीने इतकं काळं झालंय की तांबं म्हणून कोणाला शंकाही येणार नाही. तुम्हाला तर नाहीच. पुढे तेच एखाद्या हॉटेलच्या दारात चिंचेने घासून, पाणी भरून, वर झेंडू तरंगत ठेवलेलं भेटेल. तेव्हा त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढा आणि 'आमची संस्कृती' असं खाली लिहा.

राहिली इन्व्हर्टरची बॅटरी. 2022च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार ती गोळा करणाऱ्या अधिकृत साखळीत परत द्यायची असते, आणि नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसेही वळते करतो. पण ती उचलून दुकानापर्यंत नेणार कोण? आतलं आम्ल माडाच्या मुळाशी ओता. नारळ कमी झाले तर माकडांचं नाव सांगा. गोव्यात त्यापुढे कोणी चौकशी करत नाही.