चार टक्के नेमके कुणासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखात मी भाडे नियंत्रण कायद्यातली वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मर्यादा सांगितली होती. ते कलम तुम्ही मोबाइलवर घरमालकांना दाखवलंत. त्यांनी ११ महिन्यांचा करार पुढे केला आणि महिनाअखेर जागा सोडायला सांगितलं. ‘अर्धवट माहिती देऊन लोकांना तोंडघशी पाडू नका. आणि हा कायदा म्हणजे पागडीवाल्यांची चैन आहे, रद्दच करा,’ असं तुम्ही लिहिलंत. (पागडीवाले म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन वर्षानुवर्षं कमी भाड्यात राहणारे जुने भाडेकरू.)

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. चूक माझी आहे आणि तिची झळ तुम्हाला बसली, याचं मनापासून वाईट वाटतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम ११ आणि त्यातली चार टक्क्यांची वाढ ही भाडेकरूसाठी आहे. तुमच्या कागदावर ‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता जागा वापरायचा परवाना, असं लिहिलेलं असेल, तर कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नाही, परवानाधारक आहात. महिन्याला पैसे देता, दाराला तुमचं कुलूप असतं, तरीही. मुदत संपली की कलम २४ प्रमाणे जागा सोडावी लागते. नाही सोडली तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा दाव्यांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जातो आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. हे मी लेखाच्या पहिल्याच ओळीत सांगायला हवं होतं.

तरी तुमचे हात अगदीच रिकामे नाहीत. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे. कलम ५५ प्रमाणे भाड्याचा असो वा लिव्ह-लायसन्सचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. डिपॉझिट किती दिलं यावरून तुमचं वाजलंय असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

दुसरा मुद्दा मात्र मला अजिबात पटत नाही.

गिरगावात आमची एक खोली होती. मालकांना ती रिकामी हवी होती, म्हणून त्यांनी भाडं घेणंच बंद केलं. भाडं घ्यायचं नाही आणि मग थकबाकी दाखवून दावा लावायचा, अशी ती चाल. आई दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पोस्टात जाऊन मनीऑर्डर करायची. ती ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत यायची. परत आलेला प्रत्येक कागद आणि प्रत्येक पावती तिने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तारखेप्रमाणे लावून ठेवली. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात वकिलांनी तो डबाच टेबलावर ठेवला. खोली राहिली.

ही चैन नव्हती हो. भाडं भरायची तयारी आहे तोवर उठवता येत नाही (कलम १५), आणि उठवायचं तर कलम १६ मधलं एखादं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं: पोटभाडेकरू ठेवला, जागेची नासधूस केली, मालकाला स्वतःला राहायला खरोखर हवी आहे, अशांपैकी. पाणी किंवा वीज तोडून हुसकावणं कलम २९ ने गुन्हा ठरवलंय. माझ्या मते या कायद्याचा जीव इथे आहे, कमी भाड्यात नाही.

कमी भाड्याबद्दल तुमचा राग मला कळतो. १९९९ च्या आधीच्या जुन्या मुंबई भाडे कायद्यात बहुतेक भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर अडकली होती. त्या भाड्यात गळकं छप्पर कोण दुरुस्त करणार? सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली ती गोठवणूक अवाजवी ठरवली. मालकांवर अन्याय झाला, हे मी नाकारत नाही. पण भाडं वाढवा म्हणणं वेगळं आणि विनाकारण बाहेर काढायची मोकळीक द्या म्हणणं वेगळं. ती मोकळीक काय असते, ते तर तुम्ही या महिन्यात स्वतःच भोगताय.

चार टक्क्यांच्या परिच्छेदावर मी आजच ठळक दुरुस्ती टाकली आहे. तुम्ही आता एक करा: करारावर दुय्यम निबंधकाकडच्या नोंदणीचा क्रमांक आहे का, ते बघून इथेच कळवा. नसेल, तर जागा सोडण्याआधी डिपॉझिटबद्दल मालकांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.