डमीची तोंडबंदी

आमच्या मालवणच्या घरी पत्ते खेळायला चार माणसं लागतात आणि त्या चौघांना अक्कल शिकवायला किमान सात. गणपतीत जागरणाला मेंढीकोटचा डाव पडला की आजी माझ्या पाठीशी येऊन बसायची. सुईत दोरा ओवायला तिला माणूस लागतं, पण माझ्या हातातली मेंढी, म्हणजे दश्शी, तिला लांबूनही दिसायची. "मेल्या, आधी हुकूम काढून घे, मगे शाणपण दाखय," हे ती इतक्या जोरात सांगायची की समोरचे दोघं त्याप्रमाणे पानं सांभाळायचे. भिडूशी खाणाखुणा तर होत्याच. कान खाजवला तर एक्का, खोकला तर राजा. एका चतुर्थीला काकांना खरोखरचा खोकला झाला आणि आमच्यावर तीन कोट चढले.

अशा संस्कारांत वाढलेल्याने ब्रिजच्या वाटेला जाऊच नये. मी गेलो. कॉलेजच्या संघाला चौघं हवे होते, तिघांवर गाडी अडली होती. "पत्ते येतात ना?" एवढीच माझी निवड चाचणी. बाबांना पटवायला मी 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचा दाखला दिला. ब्रिजमध्ये प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार या जोडीने भारताला सुवर्ण मिळवून दिलं, बर्धन तेव्हा 60 वर्षांचे होते.

"म्हणजे तुका अजून चाळीस वर्सां आसत," बाबा म्हणाले. "आधी डिग्री घे."

स्पर्धा रत्नागिरीला होती. हॉलमध्ये पंखा लावला तर पानं उडत होती, बंद केला तर दमट हवेने बोटांना चिकटत होती. पण त्या शांततेपुढे हे काहीच नाही. ब्रिजच्या स्पर्धेत बोलीसुद्धा, म्हणजे कुठला हुकूम घेऊन किती हात करणार तेसुद्धा, तोंडाने बोलत नाहीत. समोरच्या डब्यातून कार्ड काढून मुकाट टेबलावर ठेवायचं. कान खाजला तरी मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

आणि मग मी डमी झालो.

ज्याची बोली पक्की होते त्याच्या भिडूला डमी म्हणतात. प्रतिस्पर्ध्याने पहिलं पान टाकलं की डमीने आपली तेराच्या तेरा पानं उघडी मांडायची. इथून पुढे दोघांचीही पानं भिडूच खेळतो. डमीने सुचवायचं नाही, भुवई उचलायची नाही, सुस्कारा टाकायचा नाही. कायद्याने बोलायला मिळतं ते जवळजवळ एकच वाक्य. भिडूने उतारी सोडून दुसरंच पान टाकलं, तर "किलवर नाही, भिडू?" असं विचारता येतं. ते मी एकदा विचारलं. त्यात इतका जीव ओतला की शेजारच्या टेबलावरचे वळून पाहू लागले.

आमची बोली होती चार इस्पिक, म्हणजे इस्पिक हुकूम आणि दहा हात करायचे. मी मांडलेल्या पानांत चौकटचे एक्का, राजा, राणी ओळीने बसले होते. भिडूने फक्त प्रतिस्पर्ध्यांकडचे हुकूम आधी काढून घ्यायचे होते. माझ्या कानात आजी ओरडत होती. भिडू छताकडे बघत विचार करत होता. मग तो म्हणाला, "चौकट एक्का."

यातला खरा छळ हा की डमीचं पान डमीनेच पुढे सरकवायचं असतं. मी माझ्या हाताने तो एक्का पुढे केला. डावीकडच्या मुलीने तो इस्पिकच्या दुर्रीने कापला. नऊच हात झाले.

घरी अशा वेळी "पत्तेच आले नाहीत" म्हणून हात झटकता येतात. इथे तीही सोय नाही. पानं पिसत नाहीत, बोर्डाच्या खणांत जशीच्या तशी ठेवून दुसऱ्या टेबलावर पाठवतात. तिथे आमच्या संघाचे उरलेले दोघं विरुद्ध बाजूची पानं घेऊन बसलेले, आणि त्यांच्यासमोर प्रतिस्पर्ध्यांची दुसरी जोडी आमचीच पानं खेळत होती. त्यांनी तेच चार इस्पिक केले, आधी हुकूम काढून. व्हल्नरेबल, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही वाढीव असलेला डाव असल्याने त्यांना 620, आम्हाला उणे 100. फरक 720, तक्त्यात पाहिलं तर 12 आयएमपी, म्हणजे सामन्याचे गुण. सामना आम्ही हरलो 9 ने.

एसटीत हातखंब्यापर्यंत दोघंही गप्प. राजापूरला भिडूने आईने दिलेला डबा उघडला आणि एकटाच खाऊ लागला.

"लाडू नाही, भिडू?" मी विचारलं.

त्याने डबा मुकाट पुढे सरकवला.

घरी आजीला सगळा डाव सांगितला. बोली, बोर्ड, आयएमपी यातलं तिला काही समजलं नाही, पण दुर्रीपाशी आल्यावर ती ताठ बसली.

"त्येना हुकूम काढूक नाय?"

"नाही."

"आणि तू खय होतंस?"

"समोरच."

"मगे बोलाक काय झाला?"

"गप्प बसलो होतो."

आजी माझ्याकडे बघत राहिली. मग जवळ येऊन तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.