‘समुद्राकाठी महाग वस्तू घेऊ नका’ या मेसेजला मुद्देसूद उत्तर

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची खरेदी सुरू झाली की आमच्या रत्नागिरी-गुहागरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: समुद्राकाठच्या घरासाठी महाग वस्तू घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. खारा वारा स्वस्त-महाग बघत नाही, सगळंच खातो. विजेचा भरवसा नाही, महागडं उपकरण जळलं तर गावात दुरुस्त करणारा मिळत नाही. गाद्या आणि कपाटं पावसाळ्यात कुबटतातच. तेव्हा मिळेल ते स्वस्तातलं घ्या, दोन वर्षं वापरा, फेका, नवीन आणा. आपले आजी-आजोबा साध्या वस्तूंतच सुखानं राहिले.

वाचताना मान डोलते, कारण प्रत्येकाच्या घरी काहीतरी गंजलेलं असतंच. पण हा सल्ला मानून गावच्या घराची खरेदी करतो तो मुंबईतला चाकरमानी, आणि ती वस्तू रोज हातात धरावी लागते गावी राहणाऱ्या आईला, काकीला. बारा महिने घर चालवणाऱ्या माणसांच्या वाट्याला हा सल्ला काय आणतो ते मी जवळून बघतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहितोय.

“खारा वारा स्वस्त-महाग बघत नाही.”

किंमत बघत नाही, हे बरोबर. पण धातू बघतो. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर बसतो आणि आतलं लोखंड सांभाळतो. मिठातला क्लोराइड नेमका हाच थर जागोजागी फोडतो. ३०४ ग्रेडच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ ग्रेडमध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त पडतं आणि खाऱ्या हवेत लवकर डागाळतं. ३१६ मध्ये वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून या तिघांत क्लोराइडसमोर तेच सगळ्यांत जास्त टिकतं. घर अगदी पुळणीलगत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूलगत असेल तर बाहेरच्या रेलिंगसाठी ३१६ चे पैसे मोजावेत, कारण तिथे ३०४ लाही तपकिरी डाग पडतात. घरात, स्वयंपाकघरात ३०४ पुरतं.

दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो आणि म्हणतो, “बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल.” त्यावर जाऊ नका. २०२ लाही लोहचुंबक चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून मागा. लिहून द्यायला कांकूं करत असेल तर दुसरं दुकान बघा.

नळाचं उदाहरण घ्या. चकचकीत स्वस्त नळ बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, वरून क्रोमचा मुलामा. एक-दोन पावसाळ्यांत मुलाम्याखाली बारीक फोड येतात, कडेला पांढरी भुकटी दिसते, आणि मग आतली चाल जड होते. सत्तरीची बाई ओल्या हातानं तो नळ फिरवायला जाते, फिरत नाही, म्हणून पदराचं टोक गुंडाळून जोर लावते. दिवसातून कितीदा? भांडी, तांदूळ, मासे धुताना, हात धुताना. मनगट दुखतं म्हणून ती डॉक्टरकडे जाते, पण नळाबद्दल चकार शब्द काढत नाही, कारण ‘चालतोय की’. पितळी अंगाचा, सिरॅमिक डिस्कचा, लांब दांडीचा नळ दुपटी-तिपटीनं महाग असतो, पण कोपरानंसुद्धा उघडतो. माझ्या मते गावच्या घरात पहिले जास्तीचे पैसे टीव्हीवर न घालता या नळावर घालावेत.

स्क्रूचंही तसंच. स्टीलची चांगली बिजागरी आणायची आणि ती डब्यात पडलेल्या लोखंडी स्क्रूंनी बसवायची, हे आपल्याकडे सर्रास होतं. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांतला हलका पडणारा धातू झपाट्यानं झिजतो. इथे तो स्क्रू. बिजागरी नवी दिसत असते आणि दार खाली बसलेलं असतं. मग दोष ‘महाग बिजागरी’ला. स्क्रूही स्टीलचेच घ्या, सगळ्या घराला मिळून काहीशे रुपयांचा फरक.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. पडवीतली ग्रिल नीट बघा. पाऊस जिथे झोडपतो तो भाग कमी गंजतो; वळचणीखाली, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे जास्त. पाऊस मीठ धुऊन नेतो. आडोशाला ते साचतं आणि हवेतला दमटपणा ओढून धातू ओला ठेवतं. चांगली वस्तू घेतली तरी महिन्यातून एकदा गोड्या पाण्याच्या फडक्यानं ती पुसायला हवी. एवढं न करता ‘महाग असून गंजली’ म्हणणं मला पटत नाही.

“वीज टिकत नाही, महाग उपकरण जळतं.”

पंखा घ्या. साधा पंखा ७०-७५ वॅट ओढतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, डीसीवर चालणाऱ्या) मोटरचा ३० च्या आसपास. बीएलडीसी पंखा साधारण हजार-दीड हजार रुपयांनी महाग मिळतो. दिवसाला बारा तास चालला तर रोज अर्धा युनिट वाचतो, वर्षाला एकशे ऐंशीच्या आसपास. महिन्याचं बिल शंभर युनिटांच्या वर गेलं की पुढच्या युनिटला दहाच्या वर रुपये पडतात. त्या घरात जास्तीचे पैसे वर्षाच्या आत वसूल होतात. ज्यांचं बिल शंभरच्या आत आहे त्यांना जास्त वेळ लागेल, हेही सांगायला हवं.

पण मला बिलापेक्षा रात्र महत्त्वाची वाटते. एप्रिल-मेच्या रात्री सगळ्या वाडीत पंखे आणि पंप एकदम चालू असतात, व्होल्टेज खाली जातं, आणि साधा पंखा नुसता फिरल्यासारखं करतो. बीएलडीसीत आधी विजेचं डीसीत रूपांतर होतं, म्हणून व्होल्टेज बरंच उतरलं तरी त्याचा वेग तोच राहतो. इन्व्हर्टरवर तर फरक आणखी मोठा: दोन साधे पंखे दीडशे वॅट मागतात, हे दोन साठ. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. तेवढे दिवस कुठलाच इन्व्हर्टर पुरत नाही. पण आषाढात झाड पडून एक रात्र वीज जाते, ती रात्र मात्र निभते.

जळण्याचा धोका खोटा नाही. या पंख्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि मे अखेरच्या विजांत ते जाऊ शकतं. त्यावर उपाय म्हणजे घराच्या मुख्य बोर्डाला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं उपकरण) आणि धड अर्थिंग. आपल्याकडे जांभा दगड उन्हाळ्यात कोरडाठाक होतो, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातलं नाही तर ते नावापुरतंच उरतं. आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. पावसात ओल चढलेल्या भिंतीतून करंट उतरला तर ती क्षणात वीज तोडते. काही वायरमन ‘सारखी ट्रिप होते’ म्हणून ती बाजूला काढून ठेवतात. असं कृपा करून करू देऊ नका. ती ट्रिप होते म्हणजे कुठेतरी वीज गळते आहे, ती जागा शोधायला लावा. आंघोळीचा गीझर, पाण्याचा पंप, ओले पाय. आमच्या घरांत हे सगळं एकाच वेळी असतं.

“गादी-कपाटं बुरसटतातच, मग कशाला पैसे?”

गादी उलटून बघा. बुरशी बहुतेकदा खालच्या बाजूला असते. कारण गादी पेटीच्या पलंगावर, सलग प्लायवर पडलेली असते. घामाचा आणि हवेचा ओलावा खाली उतरतो आणि तिथेच कोंडतो. पट्ट्यांचा पलंग घ्या, खालून हवा खेळू दे. गादीला धुता येईल असं चेनचं कव्हर. फोम घेत असाल तर डेन्सिटी, म्हणजे घनता विचारा. ४० चा फोम कमी डेन्सिटीच्या फोमपेक्षा बराच उशिरा दबून बसतो. काथ्याची, वर रबराचा थर असलेली गादी आपल्या हवेला मानवते. उघडीप मिळाली की उन्हात टाकायची हा नेम महाग गादीलाही चुकत नाही.

कपाटाबाबत एवढंच: पार्टिकल बोर्डाचं कपाट इथे घेऊच नका, ते कडांनी फुगतं आणि मग दार लागत नाही. प्लाय घ्यायचाच तर आयएस ७१० चा शिक्का बघून मरीन प्लाय, नाहीतर जुन्या घराचं उतरवलेलं सागवान. आणि कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका.

“गावात सर्व्हिस मिळत नाही.”

हा त्या मेसेजमधला सगळ्यात खरा मुद्दा आहे आणि त्याला मी पूर्ण मान देतो. म्हणून तर मी ऑनलाइन सवलतीपेक्षा तालुक्याच्या दुकानातून घ्या म्हणतो, जिथला माणूस फोन केल्यावर मोटारसायकलवरून येतो. घेण्याआधी विचारा, हा पार्ट तुमच्याकडे असतो का? मिक्सरचा रबरी कपलर, जार, कुकरची रिंग, पंख्याचं सर्किट. मिळत नसेल तर ती वस्तू कितीही चांगली असली तरी इथल्या घरासाठी नाही.

मिक्सरबद्दल मात्र तडजोड नको. आमच्या घरांत ओल्या खोबऱ्याचं वाटप (वाटण) रोज लागतं. पाचशे वॅटच्या हलक्या मिक्सरला ते झेपत नाही. मधे थांबवा, पाणी घाला, चमच्यानं खाली ढकला, पुन्हा फिरवा, आणि शेवटी वाटप रवाळच. साडेसातशे वॅटचा, तांब्याच्या वाइंडिंगचा घ्या, आमटी लागते तशी मिळून येते. आणि नारळ खवायला ओट्याच्या कडेला आवळून बसवायची हँडलची खवणी आणा. जमिनीवर विळीवर बसून नारळ खवणं साठीनंतर गुडघ्यांना किती जड जातं, हे खवणाऱ्या बाईला विचारा. याला फारसे पैसेही पडत नाहीत.

“आजी-आजोबा साध्या वस्तूंत राहिले.”

हे वाक्य वाचून मला वाईट वाटतं, कारण ते त्या माणसांवर अन्याय करतं. त्यांच्या वस्तू कमी होत्या, हलक्या नव्हत्या. न्हाणीघरातला बंब तांब्याचा होता. घागरी, पातेली पितळेची होती आणि ठरावीक काळानं कल्हईवाल्याला पैसे देऊन ती राखली जायची. भिंती चिऱ्याच्या, दारं फणसाच्या किंवा सागाच्या. ऐपत नव्हती तिथे कुडाच्या भिंती होत्या. पण ऐपत आली की पहिला पैसा कुठे गेला ते बघा.

तो गेला छपरावर. आधी आपल्याकडे कुंभारानं घडवलेले नळे, म्हणजे अर्धगोल कौलं असायची. माकडं नाचली, वारा आला की ते सरकायचे, म्हणून दरवर्षी पावसाआधी घर शाकारावं लागायचं: माणसं बोलवा, वर चढवा, फुटके बदला. मंगळुरात १८६५ साली बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ती कौलं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. एकमेकांत खाचेनं अडकणारी, सपाट, मापात सारखी. गावच्या कुंभाराच्या नळ्यांपेक्षा ती महाग होती. तरी लोकांनी पै-पै साठवून घेतली, कारण शाकारणीचा वर्षाचा जाच कमी होत होता आणि श्रावणात अंथरुणावर थेंब पडत नव्हता. रोजच्या सुखासाठी जास्तीचे पैसे मोजणं याहून वेगळं काय असतं? त्यांतली कौलं अजून कितीतरी घरांवर आहेत.

“दोन वर्षं वापरा आणि फेका.”

फेका, कुठे? आमच्या वाडीत कचऱ्याची गाडी येत नाही. फुटकी प्लॅस्टिकची खुर्ची, फुगलेला बोर्ड, मोडका पंखा आधी गोठ्याच्या मागे जातो, मग पऱ्यात (ओढ्यात), आणि पहिल्या मोठ्या पावसात खाडीला. जिथे मासे धरायला जाळी टाकायची तिथेच हा कचरा निघतो.

स्वस्तातलं काय घ्यावं, हेही सांगतो. बादल्या, पडदे, पायपुसणी, पाहुण्यांच्या खुर्च्या, यांवर जास्त घालवायची गरज नाही. डासांच्या जाळीत तर स्वस्तातलीच बरी: फायबरग्लासची जाळी गंजत नाही, लोखंडी जाळी वर्षा-दोन वर्षांत बोटानं टोचली तरी फाटते. बंद घरात, जिथे माणसं फक्त गणपतीला आणि शिमग्याला येतात, तिथे गीझर-मिक्सरवर खर्च करू नये. त्या घरात छप्पर, दारांच्या बिजागऱ्या आणि मुख्य बोर्ड एवढंच नीट करावं.

यंदा पैसे मोजकेच असतील तर माझा क्रम असा: आधी अर्थिंग आणि आरसीसीबी, मग रोज हात लागतो ते नळ, मग ज्या खोलीत म्हातारं माणूस झोपतं तिथला पंखा आणि गादी. मिक्सर त्यानंतर. हॉलमधला सोफा पुढच्या वर्षी बघता येईल.