राखीव जागेवरच्या मेंटीला कसं घडवावं

नॅकची, म्हणजे कॉलेजचा दर्जा ठरवणारी, तपासणी जवळ आली की राखीव जागांवरच्या प्राध्यापकांची आठवण होतेच. तेव्हा लगेच मेंटॉरशिप कार्यक्रम सुरू करा: मेंटॉर मार्गदर्शन करणार, मेंटी ते घेणार.

मेंटी कोण, हे त्याला विचारू नका. सेवापुस्तकात जात असतेच. यादी काढून 'एससी-एसटी मेंटी' असा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा.

मेंटॉर मात्र अनुभवी हवा. त्याची पीएचडी अजून सुरूच असली तरी चालेल.

मेंटीला आत्मविश्वास द्या. गेल्या आठवड्यात मलाही माझ्या मेंटॉरसाहेबांकडून मिळाला. पीएचडी असेल तर सहाय्यक प्राध्यापकाला लेव्हल १० वरून ११ ला, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीत, जायला यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार ४ वर्षं लागतात. माझी ती कधीच उलटली. फाइल पडून आहे, कारण रिफ्रेशरचं, म्हणजे बढतीला लागणाऱ्या उजळणी प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्र नाही. ते नाही, कारण मला सोडतच नाहीत. आधी परीक्षा, मग पेपर तपासणी, मग प्रवेश, ते उरकले की एनएसएसचं शिबिर. आणि सोडायचं की नाही, ते हेच मेंटॉरसाहेब ठरवतात! म्हटलं, "सर, माझ्या फाइलचं तेवढं बघा." तर म्हणे, "अरे, पॉझिटिव्ह राहा. तुमच्या लोकांना लगेच अन्याय दिसतो." वर चहा पाजला आणि फोटो काढला. त्यावर अक्षांश-रेखांश उमटले नाहीत, म्हणून मला पुन्हा हसायला लावलं. नॅकला जिओटॅग लागतो ना.

मेंटीने रोस्टरचा, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला या क्रमवारीचा, विषय काढला तर तो बदला. २०१८ मध्ये आरक्षण मोजायला विद्यापीठाऐवजी विभाग एकक धरला, तेव्हा पहिली तीन पदं खुली आणि आदिवासी उमेदवाराचा नंबर थेट चौदाव्या पदावर. चौदा पदं असलेला विभाग दाखवा मला एक! केंद्रीय संस्थांपुरतं ते २०१९ च्या कायद्याने मोडीत निघालं, पण मेंटीला म्हणायचं, "राजकारण नको."

राखीव पदाची मुलाखत घ्यायला बसलात की 'नॉट फाउंड सुटेबल', म्हणजे योग्य उमेदवार मिळाला नाही, हा शेरा आहेच.

तासिका तत्त्वावरच्यांना, म्हणजे तासांवर पैसे मिळणाऱ्या हंगामी प्राध्यापकांना, मेंटॉर कशाला? जूनमध्ये ते असतील याची तरी खात्री आहे का?

बास झालं आता. लाज कशी वाटत नाही हो? ज्याची फाइल तुम्हीच दाबून बसलात, त्यालाच धीर धरायला शिकवता? माझ्या आत्मविश्वासाला काही झालेलं नाही. वर्गात येऊन बघा एकदा. घडवायचंच असेल तर रिफ्रेशरला सोडा, फाइलवर सही करा, न भरलेल्या राखीव पदांच्या बॅकलॉगची जाहिरात काढा. आणि ते 'तुमचे लोक' पुन्हा माझ्यासमोर तोंडातून काढू नका.